धर्माची गाय आणि तिचे दात

'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही म्हण मराठी घरांत एकाच बाजूने वापरली जाते. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढणाऱ्याचे तोंड बंद करणे, हा तिचा उपयोग. घेणाऱ्याने निमूटपणे घ्यावे, देणाऱ्याला काही विचारू नये, असा हा लोकव्यवहार! परंतु ज्या परंपरेतून गोदानाची कल्पना आली, त्या परंपरेने मात्र नेमका उलटा प्रश्न विचारून ठेवला आहे. कठोपनिषदाच्या प्रारंभी वाजश्रवसाने सर्वस्व देण्याचा यज्ञ मांडला आणि दक्षिणा म्हणून गायी आणल्या. त्या गायींचे पाणी पिऊन झाले होते, गवत खाऊन झाले होते, दूध देऊन झाले होते. हे पाहून अस्वस्थ झाला तो कोणी ऋत्विज नव्हे, कोणी पंडित नव्हे. दात्याचाच लहान मुलगा नचिकेता. अशा गायी देणारा कोणत्या लोकी जातो, हा त्याच्या मनातला प्रश्न होता. म्हणजे गायीचे दात मोजण्याचा पहिला अधिकार दात्याच्या घरातच बजावला गेला.

आज गायीच्या जागी मोटारगाडी आली आहे, आणि तीही विजेवर चालणारी. मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे येथील सुखवस्तू घरांत गेल्या काही वर्षांत विजेच्या गाड्या आल्या. त्यांतील पहिल्या खेपेच्या गाड्या आता जुन्या होऊ लागल्या आहेत. भारतात घरगुती वापरासाठी मोठ्या संख्येने खपलेली पहिली विजेची मोटार, टाटांची नेक्सॉन ईव्ही, जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिच्या बॅटरीची हमी होती ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते. जुन्या विजेच्या गाडीला बाजारात अपेक्षेएवढी किंमत येत नाही, कारण घेणारा बॅटरीला भितो. मग घरात चर्चा होते आणि कोणीतरी म्हणते, ''विकून काय येणार? त्यापेक्षा एखाद्या संस्थेला देऊन टाकू.''

'देऊन टाकू' या जोडक्रियापदात 'देणे' किती आणि 'टाकणे' किती, हा या लेखाचा विषय आहे.

ही गाडी कुठे जाते? बहुधा मुंबईबाहेर, पण मुंबईपासून फार दूर नाही. पालघर जिल्हा त्यासाठी सोयीचा आहे. समुद्रकाठी मच्छीमारांची गावे, डोंगराकडे वनवासी पाडे, मध्ये लोहमार्ग आणि महामार्ग. सेवाप्रकल्पांची संख्या मोठी, गरज त्याहून मोठी. मुरबे हे त्यातलेच एक गाव. दक्षिणेला खाडी आणि खाडीच्या पलीकडे सातपाटी. उत्तरेला नांदगाव, आलेवाडी, नवापूर असा किनारा आणि आणखी वर तारापूरचे अणुविद्युत केंद्र. देशातील अणुवीज १९६९ मध्ये प्रथम याच किनाऱ्यावर निर्माण झाली. पुढे तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. तेव्हा विजेच्या गाडीचे अप्रूप वाटून इथली माणसे तिच्याभोवती गोळा होतील, अशा समजुतीत कोणी राहू नये. वीज म्हणजे काय आणि तिची किंमत कोण मोजतो, हे त्यांना मुंबईकरांपेक्षा अधिक ठाऊक आहे.

दुसरी गोष्टही त्यांना ठाऊक आहे. इतरांना नको झालेले जे असेल, ते शेवटी आपल्या किनाऱ्याला येते. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर होते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हरित न्यायाधिकरणात दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने शंभराहून अधिक कारखान्यांना आणि सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला भरपाईचा आदेश दिला. ज्या समाजाला स्वतःच्या समुद्रातील मासळीसाठी न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले, त्या समाजाच्या अंगणात शहराने आपली मेलेली बॅटरी 'सेवा' म्हणून आणून ठेवावी काय?

यावर लगेच उत्तर येते, ''गाडी मेलेली कुठे आहे? चालते ती!'' चालते हे खरे. पण किती चालते?

पेट्रोल-डिझेलच्या जुन्या गाडीची गोष्ट वेगळी होती. इंजिन थकले तरी बोईसरच्या कोणत्याही गॅरेजमध्ये ते उघडले जाई, सुटा भाग मिळे, गाडी आणखी पाच वर्षे धूर सोडत का होईना रस्त्यावर राही. विजेच्या गाडीत किमतीचा सर्वांत मोठा भाग एकाच वस्तूत साठलेला असतो, ती म्हणजे बॅटरी. तिचे वय गाडीच्या चकाकीवरून कळत नाही. वापराने ती झिजते, उन्हात पूर्ण भरून उभी ठेवली तरी झिजते, आणि गावचा कारागीर ती उघडू शकत नाही, त्याने उघडूही नये. नव्याने बसवायची तर खर्च लाखांत. बंगळुरूची रेवा ही छोटी गाडी २००१ मध्ये आली, तेव्हाच हा धडा मिळाला होता. तिच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या काही वर्षांत संपत आणि तो संच नवा घेण्याचा खर्च जुन्या गाडीवर करण्यास मालक धजत नसे.

साधा हिशेब मांडावा. पहिल्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटांची. तिची क्षमता पंचाहत्तर टक्क्यांवर आली, तर उरली साधारण साडेबावीस युनिटे. एका युनिटात साडेसहा किलोमीटर धरले, तर पूर्ण भरलेली गाडी दीडशे किलोमीटरांच्या आतच थांबणार. तीही शेवटचा थेंब काढल्यावर. मुरब्याहून बोईसर किंवा पालघर जवळ आहे. शाळेची मुले आणणे, वृद्धांना तपासणीला नेणे, औषधांची खोकी पोहोचविणे, एवढ्यासाठी अशी गाडी उत्तम. किंबहुना रोज ठरावीक थोडे अंतर आणि रात्री दारात उभी, हा विजेच्या गाडीचा आदर्श उपयोग आहे. पण पालघर जिल्ह्यातील गंभीर रुग्ण शेवटी जातो कुठे? सिल्वासाला, वलसाडला किंवा मुंबईला. सिल्वासाला जाऊन परत येणे हेच दीडशेच्या वर जाते. जुलैच्या पावसात, रात्री, बाळंतिणीला घेऊन महामार्गावर निघालेल्या गाडीचा काटा खाली उतरू लागला, तर त्या वेळी दात्याचे नाव कोरलेली काचेवरची पट्टी कोणाला उपयोगी पडणार?

आणि हे टाळता येते, ही यातली चीड आणणारी बाब आहे. बॅटरीची उरलेली क्षमता गाडीच्या स्वतःच्या नियंत्रण यंत्रणेत नोंदलेली असते. कंपनीच्या सेवाकेंद्रात तिचा अहवाल मिळू शकतो. जुनी होडी घेणारा मच्छीमार तळ ठोकून पाहतो, यंत्र चालू करून ऐकतो, तेव्हाच पैसे मोजतो. विकत घेताना जी चौकशी व्यवहार ठरते, तीच फुकट घेताना कृतघ्नता कशी ठरते?

कागद कोणाच्या नावावर?

गाडी दिली, किल्ली दिली, छायाचित्र झाले. नोंदणीपुस्तक मात्र दात्याच्याच कपाटात. 'करू सावकाश' या दोन शब्दांत वर्षे जातात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात हस्तांतर झाल्यास देणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळविणे बंधनकारक आहे. त्याचा अर्थ किती गंभीर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात दाखवून दिले. त्या प्रकरणातली गाडी मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती, ती पुढे आणखी हातांतून गेली आणि २००९ मध्ये तिच्याखाली एका मुलाचा जीव गेला. नोंदणीत नाव पहिल्याच मालकाचे होते. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच ठेवली. तेव्हा कागद न बदलणारा दाता संस्थेवर उपकार करीत नाही, आणि स्वतःवर तर मुळीच नाही.

कागद बदलले की दुसरी गंमत सुरू होते. अलीकडच्या काही गाड्यांना कंपन्यांनी बॅटरीची 'आजीवन' हमी दिली आहे. हे आजीवन कोणाचे, तर पहिल्या मालकाचे! महिंद्रांच्या नव्या गाड्यांत मालक बदलताच ही हमी १० वर्षे वा २ लाख किलोमीटरांवर येते. टाटांच्याही अशा गाड्यांत दुसऱ्या मालकाला ८ वर्षे व १ लाख ६० हजार किलोमीटर एवढीच उरते. शिवाय या हमीला खासगी वापराच्या अटी असतात. म्हणजे दान होताच वस्तूचे मूल्य घटते. हे दात्याने घेणाऱ्याला आधी सांगायला नको काय?

पांढऱ्या अक्षरांची हिरवी पाटी असलेली गाडी खासगी असते. तिच्यात भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत, त्यासाठी पिवळी अक्षरे लागतात. बॅटरीवरील वाहनांना केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवान्यातून सूट दिली, पण नोंदणीचा वर्ग बदलावाच लागतो. आणि मोटारीवर 'रुग्णवाहिका' असे रंगवल्याने ती रुग्णवाहिका होत नाही. तिच्यासाठी एआयएस-१२५ हे स्वतंत्र मानक आहे. उत्साही कार्यकर्ते रंगाचा डबा आधी आणतात, म्हणून हे सांगणे आले.

पुण्य आणि करसवलत

काही दात्यांचा हिशेब आणखी निराळा असतो. गाडीची किंमत स्वतःच ठरवायची, संस्थेकडून तेवढ्याची पावती घ्यायची आणि आयकरात वजावट मागायची. येथे कायदा स्पष्ट आहे. कलम ८० जी ची सवलत दिलेल्या पैशावर आहे, वस्तूवर नाही. रोख दिले तरी २,००० रुपयांच्या वरची रक्कम चालत नाही, आणि सवलत जुनी करपद्धती निवडणाऱ्यालाच मिळते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, तत्त्व तेच राहिले. जुन्या गाडीवर फुगवलेली पावती देणारी संस्था सेवा करीत नाही, खोट्या कागदात सहभागी होते. दाता कितीही मोठा असला तरी अशा पावतीला नकार देणे हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे.

कारखानदारांचेही तेच. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करायची असते. वापरून झालेली कंपनीची गाडी एखाद्या संस्थेला देऊन ती या खर्चात दाखवावी, असा मोह होतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्येच स्पष्ट केले की वस्तुरूप देणगीची किंमत लावून ती या खर्चात धरता येत नाही. मुरब्यासारख्या गावात तर हा विषय अधिक नाजूक आहे. तेथे बंदराचा प्रस्ताव आहे, ऑक्टोबर २०२५ च्या जनसुनावणीत गावकऱ्यांनी विरोध मांडला, आणि जवळच वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. अशा किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येक भेटीकडे लोक दोनदा पाहतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे. मच्छीमार बायका त्यासाठी अधिक रोखठोक शब्द वापरतील, एवढाच फरक.

ज्या अमेरिकेचे अनुकरण करण्याची घाई असते, तिथला अनुभवही पाहावा. जुनी गाडी धर्मादाय संस्थेला द्या आणि कर वाचवा, हा तेथे मोठा रिवाज. परंतु लोक मोडक्या गाड्यांच्या भरमसाट किमती लावू लागले, तेव्हा २००४ मध्ये कायदा बदलला. २००५ पासून, ५०० डॉलरांवरील वजावटीसाठी, संस्थेने गाडी विकून जेवढे पैसे मिळवले तेवढीच रक्कम साधारणपणे ग्राह्य धरली जाते. संस्थेने गाडी स्वतःच्या कामात खरोखर वापरली तर गोष्ट वेगळी. भोगवादी म्हणून ज्या समाजाला नावे ठेवली जातात, त्यालाही दान आणि विल्हेवाट यांतला भेद कायद्याने करावा लागला. दानधर्माची थोरवी सांगणाऱ्या समाजाने तो कायद्याची वाट न पाहता करायला हवा.

दक्षिणेशिवाय दान अपुरे, हा नियम घराघरांतल्या पुरोहिताला ठाऊक आहे. गाय द्यायची तर दुभती, सवत्स. सोबत तिच्या वैरणीची सोय. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या चतुर्वर्गचिंतामणीत दानावर एक संपूर्ण खंड रचला, तो काही फावल्या वेळेचा उद्योग नव्हता. दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या दारी ओझे होऊ नये, ही दक्षिणेमागची व्यवहारदृष्टी आहे. विजेच्या गाडीची दक्षिणा कोणती? तिचा विमा, दारात सोळा अँपिअरची जोडणी आणि व्यवस्थित अर्थिंग, चार टायर, चालकाचे मानधन, आणि ज्याचा कोणीच विचार करीत नाही ती बारा व्होल्टची छोटी बॅटरी. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली की ही छोटी बॅटरी उतरते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडीचे दार उघडत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत जोडण्या गंजतात. गावातील वीज पावसाळ्यात दगा देते. ही सगळी वैरण आहे, आणि ती निदान दोन वर्षांची दात्याने द्यावी.

आणि शेवटी मेलेल्या बॅटरीचे काय? बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले. त्यांनुसार बॅटरी पुरण्यास वा जाळण्यास बंदी आहे. उत्पादकावर ती परत घेण्याची जबाबदारी आहे, आणि वापरणाऱ्याने ती वेगळी ठेवून अधिकृत संकलकाकडेच द्यायची आहे. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीतील ९० टक्के द्रव्य २०२६-२७ पासून परत मिळवले जावे, असे लक्ष्य आहे. नियम चांगला आहे. पण मुंबईतला दाता ज्या विक्रेत्याला ओळखतो, ज्याचा दूरध्वनी त्याच्याकडे आहे, त्याच्यापर्यंत मुरब्यातील संस्थेने ही जड अडगळ कशी पोहोचवावी? आणि भंगारवाला दारात उभा असताना किती दिवस वाट पाहावी? बॅटरी शेवटी कोण नेणार, हे दान देतानाच लिहून ठेवले नाही, तर गाडीबरोबर तिचे अंत्यसंस्कारही संस्थेच्या गळ्यात पडतात.

या सर्वांवर एक आक्षेप हमखास येतो. काहीच नसण्यापेक्षा जुनी गाडी बरी. ऐकायला हे समंजस वाटते, पण ते खरे नाही. संस्थेकडे गाडी 'आहे' असे झाले की गावची दुसरी व्यवस्था मोडते. ज्या जीपवाल्याला हाक मारली जात होती तो दुसरे काम धरतो. २०१४ पासून राज्यात असलेली १०८ क्रमांकाची मोफत सेवा बोलावण्यापूर्वी 'आपली गाडी काढू' असा विचार होतो आणि त्यात वेळ जातो. बेभरवशाची सोय ही गैरसोयीहून वाईट असते, कारण तिच्यावर विसंबून राहिले जाते.

दोष केवळ दात्यांचा नाही. सेवाप्रकल्पातील कार्यकर्त्याचा संकोच हाही यात भागीदार आहे. गाडी देणारे गृहस्थ दरवर्षी दोन मुलांचे पालकत्व घेतात, दिवाळीला फराळ पाठवितात. त्यांना नाही कसे म्हणायचे? मग गाडी येते, आंब्याखाली उभी राहते, तिच्यावर पाने पडतात, आणि कार्यकर्ता तिचा विमा भरण्यासाठी दुसऱ्या दात्याच्या दारी जातो. ज्याने आयुष्य कामाला वाहिले, त्याला एका गाडीला नकार देण्याचे धैर्य होऊ नये, हे मान्य करण्यासारखे नाही. नकार नम्र असू शकतो. गाडी तुम्हीच चांगल्या भावाने विका, येईल ते धनादेशाने द्या, एवढे म्हणणे पुरेसे आहे. खासगी व्यक्तीने आपली जुनी गाडी विकली तर तिच्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ज्या १८ टक्क्यांवरून गदारोळ झाला, तो दर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यापुरता आहे. धनादेशाने दिलेल्या रकमेवर पात्र दात्याला करसवलतही मिळते. संस्थेला त्या पैशात डिझेलची जीप हवी असेल, नवी छोटी विजेची गाडी हवी असेल किंवा नुसता चालकाचा वर्षभराचा पगार हवा असेल, तो निर्णय मुरब्यात होईल, मुंबईत नाही.

ज्यांची गाडी खरोखर चांगली आहे, बॅटरी अजून सशक्त आहे, त्यांनी ती जरूर द्यावी. ती देण्याची वेळ हमी संपताना नव्हे, हमीची तीन-चार वर्षे शिल्लक असतानाची. घरात दूध देणारी गाय असते, तेव्हाच तिचे दान होते.

पहिल्या गाड्यांची आठ वर्षे जानेवारी २०२८ पासून भरू लागतील आणि सेवाप्रकल्पांचे दूरध्वनी वाजू लागतील. त्यापूर्वी प्रत्येक विश्वस्त मंडळाने एका बैठकीत ठराव करून ठेवावा. बॅटरीचा सेवाकेंद्राकडील अहवाल, नोंदणीपुस्तकात संस्थेचे नाव, दोन वर्षांच्या खर्चाची रक्कम आणि बॅटरी परत नेण्याचे लेखी आश्वासन, हे चारही असल्याखेरीज वाहन स्वीकारले जाणार नाही. ठरावाची प्रत वार्षिक अहवालात छापावी, म्हणजे कार्यकर्त्याला कोणाच्या तोंडावर नाही म्हणावे लागणार नाही.